बी ग्रुपमधून आले, आता गणित अडलंय

‘आदरणीय ताई, मी मांजलपूरला राहते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. घरी मराठी, बारावीपर्यंत गुजराती माध्यम आणि आता सगळं इंग्रजीत. अकरावी-बारावीला बी ग्रुप (गणिताऐवजी बायोलॉजी) घेतला होता, कारण मेडिकलला जायचं होतं. नीटला तेवढे मार्क आले नाहीत. केमिस्ट्री मला मनापासून आवडते, प्रॅक्टिकलला माझे मार्क नेहमी चांगले असतात. पण आमच्याकडे गणिताचे पेपर सक्तीचे आहेत. पहिल्या पेपरात ए.टी.के.टी. लागली, पुन्हा दिला तर पुन्हा गेला, आणि आता दुसराही राहिलाय. सर फळ्यावर सोडवतात तेव्हा समजतं, गाईड वाचताना समजतं, पण परीक्षेत दोन ओळींनंतर हात थांबतो. बाबा म्हणतात, आपल्या घरात गणित कुणालाच नव्हतं, सोड आणि बी.ए. कर. मी दुसऱ्यांदा नापास झाले हे त्यांना अजून माहीत नाही. मी केमिस्ट्री सोडू का? मी सोडवलेल्या दोन गणितांचे फोटो सोबत पाठवतेय. – एक विद्यार्थिनी, वडोदरा’

प्रिय मुली,

तुझं पत्र मी नंतर वाचलं, आधी ते दोन फोटो पाहिले. तीसेक वर्षं फिजिकल केमिस्ट्री शिकवली, त्यामुळे सोडवलेला कागद दिसला की नजर आधी तिकडेच जाते. बरं झालं तू ते पाठवलेस. ‘मला गणित येत नाही’ या वाक्यावरून मला काहीही कळलं नसतं, त्या कागदांवरून पुष्कळ कळलं.

पहिल्या गणितात डेरिव्हेटिव्ह काढायचं होतं. तू नियम बरोबर लावलास, चिन्हं बरोबर, कंस बरोबर. मग शेवटच्या दोन ओळींत ‘एक्सचा वर्ग अधिक ३, भागिले एक्स’ असं आलं आणि तू वरचा एक एक्स खालच्या एक्सशी काटून ‘एक्स अधिक ३’ लिहिलंस. ते ‘एक्स अधिक, ३ भागिले एक्स’ व्हायला हवं होतं, कारण भागायचं तर वरच्या दोन्ही पदांना भागायला हवं. ही चूक कॅल्क्युलसची नाही, आठवीतल्या बीजगणिताची आहे. म्हणजे ज्या विषयाची तू धास्ती घेतली आहेस, तो तुला जमला होता. ज्या गोष्टीकडे तू पाहतही नाहीस, तिथे मार्क गेले. मी तपासलेल्या पेपरांत हे इतक्या मुलामुलींच्या बाबतीत पाहिलंय की तुझा कागद बघून मला जरासुद्धा नवल वाटलं नाही.

दुसऱ्या फोटोकडे मी शेवटी येईन. त्यातली चूक मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

आधी बाबांच्या वाक्याबद्दल. ‘आपल्या घरात गणित कुणालाच नव्हतं’ हे ते तुझ्या काळजीनं म्हणत असणार, पण तुझी अडचण घराण्यातून आलेली नाही. इथल्या बोर्डात सायन्सला ए ग्रुप घेतला तर गणित आणि बी ग्रुप घेतला तर बायोलॉजी, हे सोळाव्या वर्षी ठरतं. तू बी घेतलास, म्हणजे दहावीनंतर दोन वर्षं तुझ्या हातून गणिताचा एकही कागद गेला नाही. ज्यांनी ए घेतला, त्यांनी त्याच दोन वर्षांत लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, मॅट्रिक्स हे सगळं एकदा गिरवलं, तेही आपल्या शाळेच्या भाषेत. कॉलेजचा पेपर त्या मुलांना उजळणीसारखा वाटतो. तू तिसऱ्या पायरीवरून थेट सातवीवर पाय टाकायला बघते आहेस, वर भाषाही बदलली आहे. तोल गेला तर त्यात तुझ्या बुद्धीचा काय दोष? मधल्या पायऱ्या बांधायला दोन वर्षं लागत नाहीत, हे मात्र मी तुला खात्रीनं सांगते. केमिस्ट्रीला लागतं तेवढंच गणित घेतलं तर एक उन्हाळा पुरतो. रोज सव्वा तास, सकाळचा, ऊन चढायच्या आत.

एनसीईआरटीची अकरावी आणि बारावीची गणिताची पुस्तकं काढ, त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सगळी प्रकरणं करू नकोस. अकरावीतून फंक्शन, त्रिकोणमिती, सरळ रेषा, लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह घे. बारावीचं पुस्तक दोन भागांत आहे, त्यातून मॅट्रिक्स, डिटरमिनंट, डेरिव्हेटिव्ह आणि त्यांचा उपयोग, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन. कॉनिक सेक्शन, लिनियर प्रोग्रॅमिंग, इन्व्हर्स ट्रिगनॉमेट्री सध्या बाजूला ठेव, तुझ्या पेपरात असतील तर शेवटी बघू. पण यांतलं पहिलं प्रकरण उघडण्याआधी तीन आठवडे फक्त अपूर्णांक, घातांक, अवयव, समीकरणं आणि लॉगरिदम. तीन आठवडे जास्त वाटतील, कमी करू नकोस. तुझा पहिला कागद हेच सांगतोय.

लॉगरिदमवर मी जरा थांबणार आहे. पीएच तर तू रोज वापरतेस. मग सांग, पीएच ३ आणि पीएच ५ या दोन द्रावणांत आम्लता किती पट वेगळी? कितीतरी मुलं चटकन ‘दोननं’ म्हणतात. शंभर पट वेगळी आहे, कारण पीएच लॉगमध्ये मोजतात आणि त्यातला एकेक अंक दहा पटींचा असतो. लॉग म्हणजे दहाचा कितवा घात, एवढंच विचारणं. दहाचा ०.३०१० वा घात घेतला की २ येतात, म्हणून २ चा लॉग ०.३०१०. लॉग टेबल आम्ही तुमच्या हातात देतो, त्यात बघायचं कसं तेही शिकवतो, पण लॉग म्हणजे काय हे केमिस्ट्रीवाले समजतात गणितवाल्यांनी सांगितलं असेल आणि गणितवाले समजतात शाळेत झालं असेल. तुझ्यासारख्या मुली मधल्या मध्ये राहतात. शिक्षिका म्हणून ही आमची चूक मी मान्य करते.

भाषेचं आता. तुझ्या पत्रात तू ते एका ओळीत उरकलंस, मला ते तुझ्या अडचणीचा मोठा भाग वाटतं. गणिताचं गुजराती माध्यमाचं पुस्तक बिनदिक्कत वाच. कॉलेजात गेल्यावर ते हातात धरायची मुलींना लाज वाटते, ती वाटू देऊ नकोस. वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आख. गुजराती पुस्तकात मॅट्रिक्सला श्रेणिक, डिटरमिनंटला निश्चायक, फंक्शनला विधेय, डिफरन्शिएशनला विकलन, इंटिग्रेशनला संकलन म्हणतात. मराठीत फंक्शनला फल म्हणतात. लिमिटला मराठीत सीमा, गुजरातीत लक्ष. मला गुजराती शब्द जास्त आवडतो, कारण सीमा म्हटलं की कुंपण डोळ्यांसमोर येतं आणि लक्ष म्हटलं की जिथे पोचायला बघतोय ती जागा. लिमिटची कल्पना त्या शब्दातच अर्धी आली. कल्पना ज्या भाषेत पटकन पटते तिच्यात समजून घे, मग सोडवताना इंग्रजीत लिही. परीक्षा इंग्रजीत आहे म्हणून विचारही इंग्रजीतच सुरू झाला पाहिजे, असं कुणी सांगितलं? आपल्याच गावात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या पाठिंब्यानं कलाभवन सुरू झालं, त्यामागे त्रिभुवनदास गज्जर होते. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि विज्ञान आणि तंत्र लोकांच्या भाषेत शिकवावं हा त्यांचा आग्रह होता.

‘वाचताना समजतं, परीक्षेत हात थांबतो’ असं तू लिहिलंस. सर सोडवतात तेव्हा प्रत्येक ओळीनंतर पुढची ओळ कोणती, हे सर ठरवतात. तू फक्त मान डोलावतेस, आणि ओळ बरोबर असल्यामुळे मान आपोआप डोलते. परीक्षेत पुढची ओळ तुला ठरवायची असते, आणि ती सवयच हाताला नाही. तू टायट्रेशन बघून शिकलीस का? ब्युरेटची तोटी किती फिरवायची, गुलाबी छटा आली की नेमकं कुठे थांबायचं, हे हातानं चार वेळा चुकून कळलं. गणिताचं तसंच आहे. एक सोडवलेलं उदाहरण नीट वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर तेच उदाहरण पहिल्यापासून लिही. अडलीस तर पुस्तक उघड, फक्त अडलेली ओळ बघ, पुन्हा मिट आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू कर. तेच उदाहरण तीन दिवसांनी परत कर. दिवसाला वीस उदाहरणं वाचण्यापेक्षा अशी चार पुरेत. चुकांसाठी वेगळी वही ठेव, तिच्यात गणित लिहू नकोस, फक्त चूक लिही: ‘बेरजेतलं एकच पद काटलं’, ‘लॉग, कंसात (ए अधिक बी), म्हणजे लॉग ए अधिक लॉग बी असं धरलं’. महिन्याभरात दिसेल की चुका पन्नास नाहीत, सहा-सातच आहेत आणि त्याच फिरून येतात.

क्लास लावावा का, असं तू विचारलं नाहीस, पण घरात हा विषय निघणारच. इंजिनीअरिंगच्या गणिताच्या बॅचमध्ये जाऊन बसू नकोस, तिथे वेग फार असतो आणि तू परत मान डोलवत बसशील. आठवड्यातून दोनदा तुझा कागद बघणारी एक व्यक्ती मिळाली तर तेवढं पुरे, मग ती एम.एस्सी. करणारी एखादी मुलगी का असेना. आणि तुमच्या सरांकडे जा. ‘सर, काही समजत नाही’ म्हणून जाऊ नकोस, त्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. जिथे हात थांबला त्या ओळीपर्यंत सोडवलेला कागद घेऊन जा आणि त्या ओळीवर बोट ठेव. कुठलाही शिक्षक या मुलीला परत पाठवणार नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. मॅट्रिक्स आणि डिटरमिनंटला कॅल्क्युलस लागत नाही. बेरीज, गुणाकार आणि चिन्हांची शिस्त एवढ्यावर ते होतं. तुझ्या राहिलेल्या पेपरात ते असेल तर परीक्षेच्या आधीचे दहा दिवस त्याला दे, पास होण्याइतके मार्क तिथे लवकर हाती लागतात. जुने पेपर घरी घड्याळ लावून सोडव, निदान तीन.

केमिस्ट्री सोडायची का? माझं स्पष्ट मत आहे की नाही. एखाद्या मुलीला साहित्य किंवा इतिहास खरंच ओढत असेल तर तिनं जरूर बी.ए. करावं, मी तिच्या बाजूनं तिच्या घरच्यांशी बोलेन. पण तू बी.ए.कडे काही आवडतं म्हणून जात नाहीस, गणिताला भिऊन जाते आहेस. आणि गणित टाळून विज्ञानातच दुसरीकडे जाऊ म्हणशील, तर मायक्रोबायोलॉजीतही एन्झाइमचा वेग मोजायचाच असतो. एम.एस्सी.साठी आय.आय.टी.ची जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायचं मनात आलं, तर तिच्या केमिस्ट्रीच्या अभ्यासक्रमात गणिताच्या मूलभूत कल्पनांचा भाग आहे. कोयलीची रिफायनरी असो की नंदेसरीचा कारखाना, तिथल्या लॅबमध्ये कॅलिब्रेशनची रेषा काढताना सरळ रेषेचं समीकरणच वापरावं लागतं. पदवीनंतर ऑरगॅनिक किंवा ॲनालिटिकलकडे गेलीस तर इंटिग्रेशन फार करावं लागणार नाही, हेही खरं. पण ते ठरवायला अजून वेळ आहे, आणि तेव्हा ते निवडून ठरव.

बाबांना मात्र या आठवड्यात सांग. परीक्षेचा फॉर्म भरायच्या आत. आईला आधी सांगून तिच्याकरवी नको, तू स्वतः. निकालाबरोबरच हे दोन कागदही त्यांच्यासमोर ठेव आणि चूक कुठे झाली ते दाखव. ‘मी नापास झाले’ याच्या जोडीला ‘मी इथे चुकले, आणि हे मी असं दुरुस्त करतेय’ असं ऐकलं की वडिलांचा सूर बदलतो. कदाचित पहिल्या दिवशी बदलणार नाही. लपवण्यात तुझी जी ताकद जातेय, ती मला अभ्यासासाठी हवी आहे.

आता तो दुसरा फोटो.

त्यात तू ‘१ भागिले (ए वजा एक्स)’ याचं इंटिग्रेशन केलंस आणि ‘एलएन (ए वजा एक्स)’ लिहिलंस. एलएन म्हणजेही लॉगच, फक्त दहाऐवजी ‘ई’ या ठरावीक संख्येचा कितवा घात, असं विचारणारा. वजाचं चिन्ह राहिलं. एक्सच्या आधी वजा आहे, म्हणून उत्तराच्या आधीही वजा यायला हवा होता. गणिताचे सर एवढं सांगून अर्धा मार्क कापतील. मी तुला वेगळं काही दाखवते.

मिथाइल ॲसिटेट या इस्टरच्या हायड्रॉलिसिसचं, म्हणजे पाण्यानं ते मोडण्याचं, प्रॅक्टिकल तू केलं असशील. आम्लात इस्टर घालायचं, ठरावीक वेळानं पाच मिली काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचं आणि सोडियम हायड्रॉक्साइडनं टायट्रेट करायचं. इस्टर मोडत जातं, ॲसिटिक ॲसिड वाढत जातं, म्हणून ब्युरेटचं रीडिंग दर वेळी वाढतं. शेवटी इन्फिनिटी रीडिंग, म्हणजे सगळं इस्टर मोडून झाल्यावरचं. मग जर्नलमध्ये सूत्र: के बरोबर २.३०३ भागिले टी, गुणिले लॉग, कंसात ए भागिले (ए वजा एक्स). यात टी म्हणजे वेळ आणि के म्हणजे वेगाचा स्थिरांक. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी दर वर्षी विचारायचे, हे २.३०३ आलं कुठून? फार थोड्या मुली सांगायच्या. सुरुवातीला इस्टर ए होतं, त्यातलं एक्स मोडलं, उरलं ए वजा एक्स. मोडण्याचा वेग उरलेल्याच्या प्रमाणात, म्हणजे डीएक्स बाय डीटी बरोबर के गुणिले (ए वजा एक्स). एक्सचं सगळं एका बाजूला, टीचं दुसऱ्या बाजूला, आणि इंटिग्रेशन. तुझ्या फोटोतलं गणित अक्षरशः हेच आहे. तू ज्याला गणिताचा पेपर म्हणतेस आणि ज्याला प्रॅक्टिकल म्हणतेस, ती एकच ओळ आहे. आणि २.३०३ एवढ्याचसाठी, की ‘ई’चा २.३०३ वा घात जवळपास १० येतो. एलएनवरून लॉगवर येताना तेवढ्यानं गुणावं लागतं.

आता वजा राहिला तर काय होतं, ते तुझ्याच ओळी पुढे नेऊन बघ. टी शून्य असताना एक्स शून्य, म्हणून स्थिरांक एलएन ए. मग उरलेलं इस्टर भागिले सुरुवातीचं इस्टर, याचा एलएन बरोबर के टी. वेळ वाढली की उजवी बाजू वाढते, म्हणजे उरलेलं इस्टरही वाढतं. बाटलीत तू काहीच घातलं नाहीस आणि इस्टर आपोआप वाढत चाललंय! हे होऊ शकत नाही, हे तुला कुणी सांगायला लागेल का? प्रॅक्टिकलमधल्या कुठल्याही मुलीपेक्षा तुला ते आधी कळेल. पण गणिताच्या पेपरात तू ती सगळी जाण दाराबाहेर ठेवून आत जातेस, म्हणून चिन्ह गेलेलं तुला दिसलं नाही. ए ग्रुपच्या मुलांकडे सराव आहे. तुझ्याकडे बाटलीत काय चाललंय ते बघणारी नजर आहे. उत्तर आलं की तिला विचार: हे वाढायला हवं की घटायला? वेळ शून्य केली तर काय यावं? फार वेळ गेल्यावर काय उरावं? या तीन प्रश्नांना अर्धा मिनिट लागतो.

उद्या सकाळी जर्नल काढ. तुझीच रीडिंग्ज घे. सूत्र पाठ असेल तरी लिहू नकोस, डीएक्स बाय डीटीपासून सुरू कर आणि स्वतः के काढ. मग निम्मं इस्टर मोडायला किती वेळ लागेल ते काढ. त्यात २.३०३ गुणिले ०.३०१० असं येईल, तो गुणाकार कॅल्क्युलेटर न घेता हातानं कर, ०.६९३ आले की थांब आणि ही संख्या आधी कुठे पाहिली होती ते आठव. अडलीस तर अडलेल्या ओळीसकट फोटो पाठव. मी बघते.

– तुझी ताई